अजून उजव्याच खुर्चीत?

"अजून को-पायलटच? कॅप्टन कधी होणार?" गेली चार वर्षं भेटेल तो हेच विचारतो. मी दर वेळी "सिनिऑरिटीत नंबर लागायचाय" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. नंबर कधीच लागला होता. मी नापास झाले.

तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते. पण आधी त्या 'को-पायलटच'मधल्या 'च'बद्दल, कारण तो मला फार लागतो. उजव्या खुर्चीतली फर्स्ट ऑफिसर ही कॅप्टनची मदतनीस नसते. एका फेरीला विमान तो उडवतो, पुढच्या फेरीला मी. टेकऑफही माझा आणि लँडिंगही माझंच. कॅप्टनला लागणारं एटीपीएल, म्हणजे पायलटचं सर्वांत वरचं लायसन्स, माझ्याकडेही आहे. त्याला आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे किमान १,५०० तास लागतात. माझे ६,००० च्या वर झालेत. सिम्युलेटरच्या परीक्षा, क्लास वन मेडिकल, सगळं दोघांनाही सारखंच.

फरक कुठे आहे, तर एका हातात. आमच्या कंपनीत टेकऑफ माझा असला, तरी इंजिनांची ताकद लावून झाली की मी थ्रस्ट लिव्हरवरचा हात काढते आणि तिथे कॅप्टनचा हात येतो. टेकऑफ सोडून थांबायचं का, हे व्ही-वनचा वेग येईपर्यंत तो एकटा ठरवतो. व्ही-वनचा पुकारा झाला की तोही हात उचलतो, कारण त्यापुढे थांबायला धावपट्टी पुरेल याची खात्री नसते. अकरा वर्षं मी तो हात बघतेय. चार वर्षांपूर्वी कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, शेवटच्या परीक्षेला (चेकला) तो हात माझा होता.

सिम्युलेटर, रात्र, पाऊस. आठशे फुटांवर उजव्या इंजिनाला आग. आग विझवली, इंजिन बंद केलं, विमान सरळ ठेवलं. इथवर चूक नव्हती. मग लवकर खाली यायचं म्हणून त्याच धावपट्टीवर उलट्या बाजूने उतरायचं ठरवलं. ऑटोपायलट न लावता विमान हातानेच उडवत होते, रेडिओवर मीच बोलत होते, केबिन क्रूला मीच सांगत होते, आणि चेकलिस्ट वाचणाऱ्या उजवीकडच्या मुलाला मध्येमध्ये तोडतही होते.

"कॅप्टन, विंड बघू का?" तो म्हणाला. मला पहिल्यांदाच कोणीतरी कॅप्टन म्हणत होतं.

"थांब."

थोड्या वेळाने पुन्हा, जरा हळू आवाजात, "विंड मागून आहे. चौदा नॉट."

"लँडिंग चेकलिस्ट," मी म्हटलं.

आमच्या विमानाला उतरताना मागून दहा नॉटपर्यंतचाच वारा चालतो. धावपट्टी ओली, वेग कमी करायला इंजिनाचा उलटा जोर, म्हणजे रिव्हर्स, एकाच इंजिनाचा. शेवटचे लाल दिवे नाकाखाली गेले आणि पडद्यावरचं चित्र थांबलं.

एक्झामिनरने आतला दिवा लावला आणि मला काहीच विचारलं नाही. त्या मुलाकडे वळून म्हणाले, "तू काय सांगत होतास?" तो म्हणाला, "विंड." माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

त्याने ठणकावून 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चल, असं म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. नियमच तसा आहे. पण त्याच्या खुर्चीत बसून मी स्वतः किती वेळा असं हळू बोललेय आणि ऐकलं नाही म्हणून धुमसत घरी गेलेय! स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा अपघात तर मी नव्या मुलांना शिकवायचे. २७ मार्च १९७७, धुकं, धावपट्टीवर दोन जंबो, ५८३ मृत्यू. समोरचं विमान बाजूला झालं नाही का, असं फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, आणि डच कॅप्टन 'झालंय' म्हणून पुढे गेला. मी वर्गात म्हणायचे, "इतकं कसं ऐकू येत नाही माणसाला?" येत नाही. मला शब्द कळले होते, पण ते आपल्याला सांगितले जाताहेत हे कळलं नाही.

तेव्हा मला वाटायचं, कॅप्टन म्हणजे ज्याच्या हातून काही सुटत नाही तो. पण १९८९ साली अमेरिकन कॅप्टन अल हेन्स यांच्या डीसी-१० विमानाच्या, ते वळवायला लागणाऱ्या, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, तेव्हा प्रवासी म्हणून बसलेल्या एका ट्रेनिंग कॅप्टनला त्यांनी कॉकपिटमध्ये घेतलं आणि थ्रॉटल त्याच्या हातात दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. ही गोष्टही मला पाठ होती. चेकच्या दिवशी तिचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या संधीचं पत्र आलंय. चार वर्षांपूर्वीची मी म्हणते, अकरा वर्षं कशासाठी घालवलीस, जा. आजची मी उजवीकडे बसून उत्तम काम करते, आणि डावीकडे बसले की ऐकू येईल का, याची खात्री तिला नाही. नुसतं ठरवून ऐकू येत असतं तर त्या दिवशीही आलं असतं. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. त्यातले नऊ गेले.