टोपणनाव घेतलं, पण पत्त्यात खरं नाव

आजचा दिवस वर्डप्रेसमधली (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) नावं निस्तरण्यात गेला. प्रोफाइलमध्ये टोपणनाव भरून तेच लोकांना दिसावं असं निवडलं, की लेखाखाली ते येतं. पण लेखकाच्या पानाच्या पत्त्यात लॉगिनचं नाव उघडंच राहतं, कारण पत्त्यातला तो तुकडा खातं उघडतानाच लॉगिनवरून बनतो. मग लपवलं काय, कपाळ! आणि लॉगिन प्रोफाइलमधून बदलता येत नाही.

यावर उपाय असा: आधी जुन्या खात्याचा ईमेल बदला (एक ईमेल दोन खात्यांना चालत नाही). टोपणनावाच्याच लॉगिनने नवं अ‍ॅडमिन खातं काढा, त्यातून आत शिरून जुनं उडवा. उडवताना मजकूर नव्या खात्याकडे सोपवायचा. घाईत दुसरा पर्याय दाबला तर लेखही जातात. जुन्या प्रतिक्रियांवर मात्र आधीचंच नाव राहतं, ते वेगळं साठवलेलं असतं. एकेक उघडून बदलावं लागतं.