आठवी ‘ब’ची पावली

शाळेच्या हीरक महोत्सवाची पत्रिका घेऊन मुलं दारात आली, तेव्हा घरात लोकसभेच्या अर्जाची धांदल चालली होती. मनोगत लिहा, पण प्रचार नको, असं त्यांनी हसत हसत बजावलं. बरं बाबा, नाही करत. मग बाईंबद्दलच लिहिते. आठवी ‘ब’, गणित एवढं म्हटलं की नाव सांगायला नको.

त्या साली वर्गप्रतिनिधी नेमायचा नाही, निवडायचा, असं बाईंनी ठरवलं. उमेदवार तीन. दोन मुलगे आणि मी. प्रत्येकी पावली अनामत! आईनं भाजीच्या पैशांतली काढून दिली, बडबडतच. वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या खडूच्या रिकाम्या खोक्यात पडल्या. ५४ मतं. ३१, १४ आणि ९. नऊ माझी, त्यातलं एक माझं स्वतःचं.

पावली परत घ्यायला टेबलाशी गेले, तर बाई म्हणाल्या, “जप्त.”

“पण बाई, चौपन्नाचा सहावा हिस्सा नऊच की हो!”

“नऊच. पण कायद्याला सहाव्या हिश्श्याहून जास्त लागतात.” लगेच फळ्यावर भागाकार, खाली दोन रेघा. वर्ग फिदीफिदी हसला. मी रडले नाही असं आजवर सांगत आले. रडले होते, नळाकडे जाऊन. त्या पैशांत बाईंनी खडू आणले आणि ते वर्षभर मलाच फळ्याशी उभी करून झिजवले.

पुढं बेळगाव महापालिकेत ५८ जणांच्या सभागृहात महापौराच्या खुर्चीत बसले. त्या वर्षी पद महिलेला राखीव होतं. लोक आजही तेच आधी सांगतात, राकसकोप धरणाच्या पाण्यासाठी केलेली वणवण नंतर. सभेचे कागद कानडीतून यायचे. मला ते वाचता यायचे, कारण मधल्या सुट्टीत बाराखडी गिरवून घेणाऱ्याही याच बाई. “भांडायचं तर त्यांचा कागद वाचून भांड,” म्हणायच्या.

परवा त्यांच्याकडे जाऊन आले. वाटेत शाळेत डोकावले. आठवी ‘ब’ आता नाही, एकाच वर्गात सगळी मावतात. त्या खोलीत मोडके बाक रचलेत. जास्त वेळ थांबवलं नाही.

बाईंना ऐकू कमी येतं. लोकसभेला उभी राहतेय हे दोनदा ओरडून सांगितलं. अनामत किती, त्यांनी विचारलं. म्हटलं, २५,०००. १९९६ साली सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला आपल्या बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, तेव्हा ५०० रुपये होती. त्यातला एक अर्ज माझ्या सासऱ्यांचा. बाईंना ते आठवत होतं. मग आपलं मराठी खानापूर कुठं येतं, विचारलं. कारवारकडच्या मतदारसंघात. आणि निपाणी? चिक्कोडीत. इकडं बेळगावात गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग. २०२१ च्या पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला लाखावर मतं पडली, तरी अनामत गेली, तेही सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, कशाला उभी राहतेस.

बाईंनी महोत्सवाची पत्रिका उलटी केली आणि चष्मा मागितला. “एकूण मतदान किती धरायचं?”

मी पेन्सिल शोधून दिली.