नीलूचा शेक, माझा शेक

मुलुंड, मंगळवार रात्र

साडेनऊला नीलूचा फोन आला. "ताई, आतून शेक घ्यायचा म्हणतात, पण मोठे भाऊजी म्हणतात बाहेरूनही पूर्ण घे, अर्धवट कशाला सोडायचं? तू काय म्हणतेस?" शेक म्हणजे कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं रेडिएशन; आतून म्हणजे योनीत नळी ठेवून, बाहेरून म्हणजे मशीनने ओटीपोटावर. मी म्हटलं, उद्या सांगते. फोन ठेवून तास झाला, झोप येत नाही, म्हणून वही काढली.

नीलू माझी मावसबहीण, ६२ वर्षांची. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, आणि गणपतीत अंगावरून थोडंसं लाल गेलं. एकदाच. ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली, त्यासाठी तिची दृष्ट काढावीशी वाटते. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी दाखवायचं, हे मी सोळा वर्षं भेटेल त्या बाईला सांगत आलेय. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असा लवकर खूण देतो, म्हणूनच तो बऱ्याच जणींना पहिल्या टप्प्यात सापडतो. नीलूचाही पहिलाच टप्पा. पिशवी, नळ्या, बीजकोश काढले. गाठ स्नायूत अर्ध्याहून खोल, ग्रेड दोन, म्हणजे पेशी मध्यम बिघडलेल्या, बाकी सगळं साफ.

माझा २००९ चा रिपोर्ट जवळजवळ हाच होता. मी ५४ ची. मला बाहेरून शेक दिला, शनिवार-रविवार सोडून २५ दिवस. मशीन रोज त्याच जागी लागावं म्हणून ओटीपोटावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक, असे शाईचे तीन ठिपके गोंदले. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण असंच निळसर होतं. अजूनही साबण लावताना बोट मधल्या ठिपक्यावर थांबतं. शेकाआधी पाणी पिऊन बसायचं, लघवीची पिशवी भरली की आतडी जरा वर सरकतात. माझी बहुधा पुरेशी सरकली नाहीत.

शेक चालू असताना जुलाब होतील, हे सांगितलं होतं. ते वर्षानुवर्षं पाठ सोडणार नाहीत, हे कोणी सांगितलं नाही. कळ आली की दोन मिनिटंही थांबता येत नाही, अशी अवस्था. निवृत्तीपर्यंत सहा वर्षं मी फोर्टला बँकेत जात होते, आणि त्या सहा वर्षांत फास्ट गाडी पकडली नाही. घाटकोपरनंतर कुर्ला, मग थेट दादर, मध्ये कळ आली तर काय करायचं? स्लो गाडीत प्रत्येक स्टेशनला उतरता येतं. मध्य रेल्वेच्या कुठल्या स्टेशनवर बायकांचं शौचालय कुठल्या टोकाला आहे, कुठल्याला कुलूप असतं, हे मला आजही पाठ आहे. लग्नाला जायचं तर आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. पर्समध्ये जास्तीचा परकर. हे सगळं मी ह्यांनाही उशिरा सांगितलं.

दुसरी गोष्ट तर कोणालाच सांगितली नाही. शेकानंतर योनिमार्ग आकसतो, तो मोकळा राहावा म्हणून डायलेटर, म्हणजे आत घालायची एक गुळगुळीत नळी, वापरायचा असतो. माझ्या हातात तो कागदात गुंडाळून दिला, वर एक पत्रक, इंग्रजीत. बाहेर रांग होती, मी विचारलं नाही. त्या रांगेत बुलढाण्याची, सोलापूरची बाई होती, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली. तिने त्या पत्रकाचं काय केलं असेल, हा विचार मला अजून छळतो. संकोच आपल्याला असतोच, पण तो मोडायची जबाबदारी आधी सांगणाऱ्याची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मुलीने नंतर मला नेदरलँड्समधल्या अभ्यासांचे कागद आणून दिले. बँकेत आयुष्य गेलं, आकडे मला वाचता येतात. पोर्टेक नावाचा पहिला अभ्यास २००० साली छापून आला. पहिल्या टप्प्यातल्या ७१४ बायका, ऑपरेशननंतर निम्म्यांना बाहेरून शेक, निम्म्यांना काही नाही. पाच वर्षांत ओटीपोटात आजार परत आला तो शेक न घेतलेल्या शंभरांतल्या १४ जणींना, शेक घेतलेल्या शंभरांतल्या ४ जणींना. फरक मोठा आहे. पण किती जणी जगल्या? ८१ टक्के आणि ८५ टक्के, तेही शेक न घेतलेल्या बाजूला ८५. तो फरक डॉक्टर धरत नाहीत, पण शेकाने आयुष्य वाढलं असं त्यातून निघत नाही, हे खरं. परतलेला आजार बहुतेक योनीच्या वरच्या टोकाशी होता, आणि तिथला पुष्कळदा नंतर शेक देऊनही बरा करता येतो. पंधरा वर्षांनी त्याच बायकांना विचारलं, तेव्हा शेक घेतलेल्या जणींना लघवी-शौचाचे त्रास जास्त होते. ते वाचलं त्या दिवशी मी खूप रडले. कोणीतरी माझं लिहून ठेवलं होतं.

दुसरा अभ्यास ४२७ बायकांचा, बाहेरचा शेक की फक्त आतला. योनीत आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे दोन टक्क्यांच्या आत, आणि आतल्या शेकात पोटाचा त्रास कमी. तो छापून आला २०१० मध्ये. मी मशीनखाली झोपले त्याच्या पुढच्याच वर्षी. माझ्या डॉक्टरांना दोष कसा देऊ? त्यांच्या हातात तेव्हा जे होतं, ते त्यांनी दिलं.

आणि मी जिवंत आहे. शंभरांतल्या ज्या दहा जणींचा आजार शेकाने रोखला, त्यांतली मी, की शेकाशिवायही ठीक राहिले असते त्या बाकीच्यांतली, हे मला कधीच कळणार नाही. म्हणूनच नीलूला "बाहेरचा घेऊ नकोस" असं सांगायला जीभ रेटत नाही. माझ्या आतड्यांचं दुखणं तिच्या निर्णयात मिसळायला नको. तिच्या गाठीचा स्वभाव सांगणारी पी-५३ आणि इतर तपासणी झालीय, माझ्या वेळी असं काही नव्हतं. त्यात धोक्याचं काही निघालं असतं, तर डॉक्टरांनीच जास्त उपचार सांगितले असते. भाऊजींचं प्रेम आहे, कळतं मला. पण शेक म्हणजे औषधाचा चमचा नाही, की एक जास्त घेतला तर लवकर गुण येईल. नीलूची अजून वीस वर्षं जायची आहेत. तिला नातवाला घेऊन फास्ट गाडीने दादरला जायचंय.

तिच्यासाठी प्रश्न लिहून काढले. माझ्या गाठीत आजार परत येण्याचा धोका किती? बाहेरच्या शेकाने तो आणखी किती कमी होईल? काहीच घेतलं नाही आणि परत आला, तर काय उपाय? पाच-दहा वर्षांनी पोटाचं, लघवीचं काय होतं? डायलेटर कधीपासून, किती दिवस, आणि मराठीत कोण समजावून सांगेल? शेवटचा प्रश्न ती लाजेल, तो मी विचारणार.

शुक्रवारी दोघी जातोय. ती डोंबिवलीला बसेल, मी मुलुंडला चढेन, बायकांच्या मधल्या डब्यात. तिला मेसेज केला, स्लो पकड.