तुंबलेली पन्हळ नसलेल्या पन्हळीपेक्षा वाईट

कौलारू घराला पन्हळ, म्हणजे छपराच्या कडेखाली पाणी गोळा करणारी नाळ, नसली तर पागोळ्या सरळ अंगणात पडतात. वळचण दोन-अडीच फूट बाहेर असेल आणि खाली चिऱ्यांची (जांभ्याच्या घडीव दगडांची) पट्टी घातलेली असेल, तर भिंतीला त्याचा फार त्रास होत नाही, कारण पाणी पाख्याच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूच्या, सगळ्या लांबीवर वाटून पडतं. पन्हळ लावली की तेच पाणी आपण मुद्दाम एका जागी गोळा करतो. ती वाहती राहिली तर उत्तम. पण तुंबली, मधे झुकली किंवा सांध्यात सुटली, तर अख्ख्या पाख्याचं पाणी भिंतीच्या हातभर जागेवर ओतलं जातं, तेही चार महिने. म्हणून पन्हळ लावायची तर तिची देखभाल करायची तयारी हवी. ती नसेल, तर वळचण वाढवून पागोळ्या मोकळ्या सोडलेल्या बऱ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी किती असतं याचा अंदाज घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाखं १० मीटर लांब आणि जमिनीवर मापलं तर ५ मीटर रुंद असेल, तर ५० चौरस मीटर झालं. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाची सर आली, की त्या पाख्यावरून मिनिटाला सुमारे ८३ लिटर पाणी येतं, म्हणजे पंधरा लिटरच्या साडेपाच बादल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात अशा सरी नवलाच्या नाहीत. एवढ्या पावसाला पन्हळीतलं पाणी खाली आणणारा चार इंची पाइप साधारण ४० चौरस मीटरपर्यंत पुरतो. त्यामुळे या पाख्याला एक पाइप देऊन भागणार नाही, दोन्ही टोकांना एकेक हवा. मधे उंच आणि दोन्हीकडे उतार अशी पन्हळ लावली, की प्रत्येक पाइपवर निम्माच भार येतो. पन्हळ अर्धगोल असेल तर सहा इंचांहून लहान घेऊ नका.

बिघाड ओळखायला आधी शिडी लागत नाही, छत्री लागते. पहिल्या जोराच्या सरीत दहा-पंधरा मिनिटं झाली की घराला एक फेरी मारा. पन्हळीच्या पुढच्या कडेवरून पाणी पडत असेल, तर ती तुंबली आहे किंवा लहान पडते आहे. पाणी मागून, भिंतीच्या बाजूने ओघळत असेल, तर कौलाची कड पन्हळीत पुरेशी येत नाही. पाइप भरून वाहत नाही आणि पन्हळ मात्र सांडते आहे, असं दिसलं तर पाइपाच्या तोंडाशी बोळा बसला आहे. उघडीप पडल्यावर अंगणाकडे पाहा. वळचणीखाली मातीत एकाच जागी खळगा पडला असेल, तर बरोबर त्याच्या वर पन्हळीत दोष सापडतो.

भिंतही बोलत असते. एकच उभा हिरवा-काळा पट्टा, रंगाचे फुगे, गिलाव्यावर पिठासारखा पांढरा लोणा (क्षार), ही सगळी ओल आत शिरल्याची चिन्हं. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि लवकर सोडत नाही. जोत्यालगतचा गिलावा दीड-दोन फुटांपर्यंत सुटला असेल, तर तो बहुधा वरून पडणाऱ्या धारेच्या शिंतोड्यांनी सुटलेला असतो. तिथे नुसता नवा गिलावा करून रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आधी पाणी थांबवा, भिंत पुरती सुकू द्या, मग गिलावा.

मग शिडी लावा. वाशांची टोकं आणि त्यांच्या तोंडावरची फळी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टणक लाकडात टोक शिरत नाही. अर्धा सेंटिमीटर सहज आत गेलं आणि काढल्यावर भोकात ओलसर भुसा दिसला, तर ते टोक कुजलं आहे. तिथे ब्रॅकेट कितीही घट्ट पिळा, पहिल्या भरल्या पन्हळीच्या वजनाने स्क्रू उपटून येतो. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. अशा वेळी आधी सुताराला बोलवावं, पन्हळ नंतर. पत्र्याच्या पन्हळीसाठी सोपी खूण आहे: भर दुपारी खाली उभं राहून वर पाहा. गंजाने पडलेली भोकं सुईच्या अग्राएवढी असली तरी चांदण्यांसारखी लुकलुकतात. खडूने तिथेच खुणा करून ठेवा.

उतार तपासायला ज्या टोकाला पाइप नाही तिथे (दोन्ही टोकांना पाइप असतील तर मधल्या उंच जागी) एक बादली पाणी हळूहळू ओता. पाच मिनिटांनी कुठे डबकं उरलं, तर तिथलं ब्रॅकेट खाली आलं आहे. १० मीटर लांबीला ५ ते १० सेंटिमीटर उतार हवा. बाजारात ब्रॅकेट दोन फुटांवर लावायची पद्धत आहे. कोकणातल्या पावसाला, आणि वानरांच्या उड्यांना, दीड फुटाचं अंतर ठेवा. साचलेल्या पाण्यात डास आठ-दहा दिवसांत तयार होतात, हेही विसरू नका.

लावताना होणाऱ्या दोन चुका फार महागात पडतात. पहिली म्हणजे कौलाची किंवा पत्र्याची कड पन्हळीत किती यावी हे न पाहणं. ती पन्हळीच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ५ सेंटिमीटर आत यावी. कमी आली तर पाणी कौलाच्या पोटाला चिकटून मागे येतं आणि वासे भिजवतं. त्याला उपाय म्हणजे शेवटच्या ओळीखालून पन्हळीत उतरणारी पत्र्याची पट्टी. जास्त आली तर पाणी पन्हळ ओलांडून पुढे उडतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे बऱ्याच घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. गुळगुळीत पत्र्यावरून पाणी फार वेगाने येतं, त्यामुळे कौलांसाठी लावलेली जुनी पन्हळ तिथे तशीच ठेवून चालत नाही. दुसरी चूक म्हणजे पन्हळीच्या दोन्ही कडा समान उंचीवर ठेवणं. भिंतीकडची कड अर्धा इंच वर असली, की कधी भरून सांडलीच तर पाणी बाहेर पडतं, घरावर येत नाही.

माल निवडताना खारा वारा डोक्यात ठेवा. समुद्राजवळ जस्ताचा पातळ पत्रा लवकर जातो, आणि जातो तो सांध्यापासून. अॅल्युमिनियम टिकतं, पण त्याला लोखंडी स्क्रू मारले तर खारट दमट हवेत स्क्रूभोवतीची जागा खाऊन भोक मोठं होतं. स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्या. पीव्हीसी गंजत नाही, मात्र उन्हाने वाढतं. सहा मीटरची लांबी थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत जवळजवळ एक सेंटिमीटर लांबते. सांध्यात तेवढी जागा सोडली नाही तर पन्हळ धनुष्यासारखी वाकते किंवा सांधा सुटतो. भोक बुजवताना तारेच्या ब्रशने गंज काढा, जागा कोरडी करा, आणि आतल्या बाजूने ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) किंवा एम-सील (भोकं बुजवायचा लुकणासारखा मसाला) लावा. ओल्यावर काहीच धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या पत्र्याला लावू नका, त्यातलं आम्ल जस्त खातं. न्यूट्रल, म्हणजे असं आम्ल नसलेलं, सिलिकॉन मागून घ्या. सिमेंटने सांधा भरणं तर मुळीच नको. ते तडकतं, आणि ओलं असताना जस्त-अॅल्युमिनियमला खातं.

सफाई मृगाच्या आधी एकदा होतेच. पण फेब्रुवारी-मार्चमधला आंब्याचा गळका मोहोर, सुरूच्या काड्या, फणसाची पानं यांचा लगदा पहिल्या पावसात पुन्हा तळाला बसतो, म्हणून आषाढातल्या उघडिपीत दुसरी आणि गणपतीच्या आधी तिसरी सफाई हवी. लगदा हाताने बाहेर काढा, पाइपात ढकलू नका. पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेलं वडा-पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा, पुढे त्याची मुळं चिऱ्यांच्या सांध्यात जातात. पाइपाच्या तोंडावर घुमटाच्या आकाराची जाळी बसवा. सपाट जाळीवर फणसाची दोन-तीन पानं आडवी पडली की पाइप बंद. अख्ख्या पन्हळीवर जाळी घालायला लोक सांगतात, पण सुरूच्या काड्या तिच्यातून आत जातात आणि सफाई करताना जाळी उचलण्याचं काम वाढतं. आंबा-सुरूखालच्या घराला ती घालू नये.

शिडी पन्हळीला टेकवू नका, भिंतीला टेकवा. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर ठेवा आणि खाली एक माणूस धरायला हवाच. अॅल्युमिनियमची शिडी असेल तर वळचणीलगतच्या विजेच्या वायरपासून लांब. शेवाळ धरलेल्या ओल्या कौलांवर पाय ठेवू नये.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पाइपाचं खालचं टोक. तिथे एल्बो (वाकडा जोड) बसवून पाणी जोत्यापासून निदान चार-पाच फूट लांब न्या, धार पडते तिथे सपाट चिरा ठेवा आणि पुढे चराने पऱ्याकडे किंवा व्हाळाकडे (ओढ्याकडे) वाट करून द्या. पाणी गडग्याच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या बांधाच्या, मागे सोडू नका. मागची माती भिजून फुगली की गडगा आधी पोट काढतो, आणि श्रावणापर्यंत शेजाऱ्याच्या आवारात कोसळतो.