आरतीच्या फोटोतला 'चमत्कार' : माझा अनुभव

गणपतीत आमच्या परळच्या चाळीच्या ग्रुपवर एक फोटो फिरायला लागला. बाप्पाच्या मुकुटाच्या वर उजवीकडे हवेत पाच हिरवट ज्योती आणि खाली 'साक्षात दर्शन, पुढे पाठवा'. आईने आधी पुढे पाठवला आणि मग मला विचारलं, खरं असेल का रे? २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून सगळी मुंबई लायनीत उभी होती, त्यात आईपण होती, त्यामुळे नुसतं 'खोटं आहे' म्हणून भागणार नव्हतं.

पहिलं काम ओरिजिनल फाईल मिळवणं आणि खरी डोकेदुखी तीच, ज्याला विचारावं तो म्हणतो मला तर फॉरवर्ड आला. शेवटी कळलं तळमजल्यावरच्या पोराने काढलाय. त्याला म्हटलं डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं आणि तारीख-वेळ, कॅमेऱ्याची माहिती सगळी उडते. फाईल उघडली तर ग्रुपवरचा फोटो चक्क कापलेला! ओरिजिनलमधे खाली डावीकडे शेजारच्या काकू पंचारती घेऊन उभ्या. मूर्ती मोठी दिसावी म्हणून कुणीतरी क्रॉप केलेला, फसवाफसवी काही नव्हती.

पाच वाती, पाच ज्योती. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा मारून फोटोचा मध्य काढला, पंचारतीपासून त्या मध्यातून सरळ रेघ ओढली तर ती बरोब्बर हिरव्या ज्योतींवर, अंतरही तेवढंच. आणि झूम केल्यावर ज्योतींची टोकं खाली! याला लेन्स फ्लेअर म्हणतात. अंधारात एखादी गोष्ट खूप झगझगीत असली की तिचा थोडा उजेड सेन्सरवर (फोनमधला चित्र टिपणारा भाग) आपटून मागे लेन्सकडे जातो, तिथून परत सेन्सरवर येतो आणि मध्याच्या पलीकडे तिचीच उलटी, फिकट प्रतिमा पडते.

तरी पटेना. मग आरती संपल्यावर मंडपातले लाईट बंद करून त्याच पोराचा फोन त्याच जागी धरला आणि सगळ्यांना स्क्रीन दाखवली. फोन हलवला की मूर्ती एकीकडे सरकते, ज्योती भलतीकडेच पळतात. पंचारती आणि फोनच्या मधे ताट धरलं, ज्योती गायब, काढलं की परत हजर.

कमिटीतला एकजण तो फोटो फ्रेम करून खाली दानपेटी ठेवायचा विचार करत होता. त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सांगितला, चमत्कार दाखवून पैसे कमावणं त्यात बसतं म्हटल्यावर विषय तिथेच बारगळला.

आई म्हणाली, उजेड आरतीचाच ना, मग मला चालेल. काकूंना लेन्सबिन्सशी काही घेणंदेणं नाही, पंचारती मी धरलेली आणि मलाच कापलं, यावरून त्यांनी ग्रुपवर पूर्ण फोटो टाकायला लावला.