धुरंधरांची आकृती रेखाटताना

आज सकाळी रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या एका स्त्रीचित्राची छापील प्रत समोर ठेवून मी पेन्सिलीने तिची नक्कल करीत बसलो होतो. पदर, निऱ्या, कमरेवर टेकवलेला हात हे सारे त्यांनी इतक्या मोजक्या रेषांत उभे केले आहे की आरंभी काम सोपे वाटते. परंतु शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे उमगल्याशिवाय निऱ्यांची एकही रेष जागेवर बसत नाही. तिसऱ्यांदा खोडताना माझ्या ध्यानात आले की त्यांनी आधी देह पाहिला आहे आणि मगच त्याला लुगडे नेसवले आहे.

१८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली शिकले, पुढे तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. शाळेला मंदिर म्हणणाऱ्या या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

त्यांची पुष्कळशी चित्रे पुस्तकांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी काढलेली असल्यामुळे त्यांना निव्वळ बोधचित्रकार समजण्याची एक रीत आहे. ती मला मान्य नाही. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथासाठी त्यांनी जी जलरंगचित्रे केली, त्यांत निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचे नुसते वेष नाहीत. प्रत्येकीची उभे राहण्याची ढबही निराळी आहे, आणि ती ओळखायला रस्त्यात थांबून माणसे पाहण्याची सवय लागते. मला तर वाटते की वर्षानुवर्षे वर्गात उभे राहून मुलांची चुकलेली रेष सुधारण्याचा या नजरेत मोठा वाटा असावा, कारण खांदा कोठे झुकला आणि मान का वळली हे दुसऱ्याला समजावताना आपल्या हातालाही सैल राहता येत नाही.

दुपारी ऊन सरकल्यावर मी तो कागद बाजूला ठेवून कोरा घेतला, आणि या वेळी पावलांपासून सुरुवात केली.