एका घासानं काय होतंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बारशाला, मुंजीत, ऑफिसातल्या वाढदिवसाला, परवा तर लक्ष्मी रोडवर साड्या बघता बघता आत्यानंही विचारलं: "अगं, पण एका घासानं काय होतंय?"

खरं सांगू? काही होत नाही. म्हणजे मला तरी. मला सिलिअ‍ॅक आहे, गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं आतडं झिजवणारा आजार. सिलिअ‍ॅक असलेल्या काहींना तासाभरात जुलाब लागतात, पोटात कळा येतात. माझा आजार सापडला तो हिमोग्लोबिनवरून. पाच वर्षं लोहाच्या गोळ्या, "बायकांचं असायचंच" हे पालुपद, आणि 42 व्या वर्षी एंडोस्कोपी. आतड्याच्या आतली मखमल झिजलेली, आणि मला पत्ता नाही. पोट दुखलं असतं तर बरं झालं असतं, तुम्हाला दाखवायला काहीतरी असतं.

"आमच्या आजीच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं गव्हाचा याच्याशी असलेला संबंध 1950 सालीच प्रबंधात मांडला. आपल्याकडे अशा पोराला किरकिरं म्हणत असतील, एवढंच. आणि भाकरीचा सल्ला देऊ नका. भाकरीच खाते. पण गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली की पिठात गहू आलाच.

आता मे महिन्यातली गोष्ट. गणपतीनंतर निदान झालं होतं. घरातून कणीक, रवा, शेवया, थालिपिठाची भाजणी, सगळं गेलेलं. आठ महिन्यांनी रक्त तपासलं तर अँटीबॉडीचा आकडा, गहू पोटात जात राहिला की चढा राहणारा, जेमतेम उतरलेला. मी ओट्याशी उभी राहून एकेक डबा उचलून वाचायला लागले. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत होतं: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसला, डबी खिडकीशी नेली. "हिंगात कणीक?" एवढंच म्हणाली.

मी ओरडले. "आठ महिने रोज आमटीतून गहू घालतेयस मला!" सत्तरीच्या बाईला, जी माझ्यासाठी पोळी सोडून भाकरी खायला लागली होती. ती काही बोलली नाही. मिसळणाचा डबा रिकामा केला, वाट्या तीन-तीनदा घासल्या आणि गॅलरीत उन्हात पालथ्या घातल्या. संध्याकाळी आमटी केली, बिनहिंगाची. जेवताना दोघींनीही चवीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा जे बोलले नाही ते हे. मार्चमध्ये होळीला शेजारून पुरणपोळ्या आल्या होत्या. आई झोपल्यावर मी अर्धी खाल्ली, तूप लावून, ओट्याशी उभ्यानंच. एका घासानं काय होतंय, हे त्या रात्री मीच मला विचारलं होतं. झोप छान लागली. सकाळी पोट ठीक. मग दोन दिवसांनी उरलेली अर्धीही खाल्ली.

मग आकडा कशानं वर राहिला? फोडणीतल्या चिमूटभर हिंगानं? गिरणीनं? रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतडं बिघडतं, आणि चिमटीभर कणकेत तेवढं सहज असतं, हे मला आज पाठ आहे. त्या एका पोळीचा हिशेब मात्र मांडता येत नाही. कधी वाटतं, तेवढ्यानं दोन महिने आकडा कसा वर राहील. कधी वाटतं, हे मी सोयीनं म्हणतेय. आकडे मुळात सावकाशच उतरतात, असं डॉक्टर म्हणाले. तेही मला सोयीचंच.

जूनमध्ये आईनं स्वतःच्या पेन्शनमधून घरघंटी आणली. तिच्यात ज्वारी आणि तांदूळच दळायचे, असं झाकणावर खडूनं लिहून ठेवलंय. पुरणपोळीचं तिला अजून सांगितलेलं नाही. माझं लिहिलेलं ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते, तेव्हा आता कळेलच.